फेब्रुवारीत गाव अर्धे रिकामे असते, मोजणी मात्र पूर्ण व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

देशाच्या सोळाव्या जनगणनेत २८ फेब्रुवारी २०२७ ची रात्र संपून १ मार्च लागतो तो क्षण हिशेबाला धरला जाणार आहे. घरयादीचा, म्हणजे घरे आणि त्यांतल्या सोयी नोंदवण्याचा, पहिला टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मधला, त्यातले तीस दिवस प्रत्येक राज्याला. माणसांची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. घरे जागची हलत नाहीत, म्हणून घरयादी एकवेळ जमून जाते. माणसांचे तसे नाही, आणि आपल्या खेड्यांत माणसे घरी सापडायला फेब्रुवारीइतका अवघड महिना नाही.

पुसद, दिग्रस, महागावकडच्या तांड्यांवरची जोडपी दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली असतात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, ती परतत नाहीत. लोणार-सिंदखेडराजाकडेही तेच. धारणी-चिखलदऱ्यातली कोरकू कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर असतात. गडचिरोली-चंद्रपूरच्या मजुरांच्या टोळ्या तेलंगणात मिरची तोडायला जातात. जे गावातच आहेत ते सकाळी सातला हरभरा सोंगायला निघाले की दिवेलागणीलाच घरी. दुपारी अकराला आलेल्या प्रगणकाला, म्हणजे मोजणीवाल्याला, ओट्यावर आजा आणि अंगणात लेकरे, एवढेच भेटतात. आजा आठवेल ते सांगतो आणि तेच कागदावर, आता मोबाइलवर, चढते.

त्याचा फटका पुढे किती वर्षे बसतो, याचे उदाहरण रेशन दुकानातच आहे. नाव चढवायला गेलेल्या बाईला सांगितले जाते, "इष्टांक संपला." हा इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची ठरलेली संख्या, राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली २०११ च्या जनगणनेवरून ठरला, महाराष्ट्रासाठी सुमारे सात कोटी लोक. त्यानंतर जन्मलेली, लग्न होऊन आलेली माणसे त्याच आकड्यात बसवायची आहेत. आरोग्य उपकेंद्र साध्या भागात पाच हजार आणि आदिवासी-डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येला, प्राथमिक आरोग्य केंद्र तीस हजाराला आणि आदिवासी भागात वीस हजाराला, ग्रामपंचायतीत दीड हजारापर्यंत सात सदस्य आणि त्यापुढे तीन हजारांपर्यंत नऊ. सगळीकडे आकडा लागतो आणि तो जनगणनेचा लागतो. २०२१ ची गणना कोविडमुळे झाली नाही, म्हणून सोळा वर्षांपूर्वीच्या आकड्यावर गाडा चालला आहे. या वेळी सुटलेला माणूस पुढच्या गणनेपर्यंत कुठल्याच हिशेबात येणार नाही.

आता सर्वांत जास्त घोळ होतो तो प्रश्न: बाहेरगावी गेलेला माणूस मोजायचा कुठे? २०११ पर्यंत चालत आलेला नियम सरळ आहे. जो नेहमी या घरात राहतो आणि गणनेच्या काळात काही दिवस तरी घरी असतो किंवा परत येतो, तो घरी मोजला जातो. जो त्या पूर्ण काळात बाहेरच आहे, तो जिथे सापडेल तिथे, म्हणजे उसाच्या फडावरच्या कोपीत किंवा भट्टीवरच्या झोपडीत. गावातले भाऊबंद प्रेमापोटी म्हणतात, "ते बाहेर आहेत, पण नाव लिहून घ्या." लिहिले आणि तिकडेही मोजले गेले तर माणूस दोनदा. इकडे नियम म्हणून लिहिले नाही आणि तिकडचा प्रगणक फडापर्यंत पोचलाच नाही, तर माणूस एकदाही नाही. आपल्याकडे हे दुसरे जास्त घडते, कारण कोप्या रस्त्यापासून आत असतात आणि आठवड्याला जागा बदलतात.

गावाचा आकडा कमी होईल म्हणून सरपंचांना हा नियम आवडत नाही. त्यांची काळजी खोटी नाही. पण दोन ठिकाणी नाव घालणे हा त्यावरचा उपाय नव्हे. जी कुटुंबे फेब्रुवारीत चार-आठ दिवस घरी येऊ शकतात त्यांनी गणनेच्या तारखा विचारून तेव्हा यावे. त्यांची नोंद रीतसर गावातच होते. जी येऊ शकत नाहीत त्यांनी मुकादमाला आधीच सांगून ठेवावे की प्रगणक आला की टोळीतल्या प्रत्येक खोपटातले प्रत्येक माणूस, कडेवरच्या लेकरासकट, मोजून घ्यायचे. तिथे जन्मठिकाण, आधीचे राहण्याचे ठिकाण, तिथून येण्याचे कारण विचारतात. त्या वेळी गाव, तालुका, जिल्हा नीट सांगा आणि कारण "काम" असे सांगा. कोणत्या तालुक्यातून किती माणसे पोटासाठी बाहेर पडतात, हे सरकारदरबारी याच नोंदीवरून दिसते. वसतिगृहे, भट्टीशाळा, फिरता दवाखाना मागायला हाच कागद हाती असतो.

याच नियमाची आणखी काही घरगुती उदाहरणे. आश्रमशाळेत राहणारे पोर वसतिगृहात मोजले जाते, आईबापांनी ते घरी पुन्हा सांगू नये. मामाकडे शिकायला असलेले पोर मामाकडे. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली लेक पूर्ण गणनेच्या काळात तिथेच असेल तर माहेरी मोजावी आणि सासरच्यांनी तिचे नाव देऊ नये. पुण्यात कंपनीत असलेला मुलगा पुण्यात. हे शेवटचे मुद्दाम लिहीत आहोत, कारण या वेळी स्वयंगणना आहे: पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकायचा, नकाशावर घराचे ठिकाण दाखवायचे, कुटुंबाची माहिती भरायची आणि शेवटी मिळणारा आयडी जपून ठेवून प्रगणक घरी आला की त्याला दाखवायचा. बहुतेक घरांत हे काम शहरातला शिकलेला मुलगाच करील आणि सवयीने स्वतःचे, बायकोचे, लेकराचे नाव गावच्या घरात घालील. त्याने गावच्या नोंदीत गावात राहणारेच लिहावेत. आयडी नुसता स्वतःच्या फोनमध्ये न ठेवता आईच्या वहीत लिहून द्यावा, नाहीतर प्रगणकापुढे तो आकडा सांगणारे कोणी नसते आणि सगळी माहिती पुन्हा भरावी लागते.

कुटुंब म्हणजे काय, याचेही माप ठरलेले आहे: एक चूल. एका छपराखाली दोन भाऊ राहतात पण स्वयंपाक वेगळा, तर कुटुंबे दोन. रेशन कार्ड एक की दोन, सातबारा कोणाच्या नावे, घरटॅक्सची पावती कोणाची, याचा त्याच्याशी संबंध नाही. उलट कार्ड वेगळे काढले असले तरी जेवण एकत्र असेल तर कुटुंब एकच.

लोक खरे का सांगत नाहीत, हेही मोकळेपणाने बोलले पाहिजे. २०११ साली फेब्रुवारीत जनगणना झाली आणि त्याच वर्षी पुढे सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षण सुरू झाले. ही दोन वेगळी कामे होती. दुसऱ्याच्या यादीवरून पुढे प्रधानमंत्री आवास योजनेचे लाभार्थी ठरले. पक्के घर लागले म्हणून कुणाचे घरकुल गेले, मग सुटलेल्यांच्या "ड" यादीसाठी वर्षानुवर्षे चकरा. गावाच्या डोक्यात मात्र एकच राहिले: मोजणीवाल्याला टीव्ही, गाडी, पक्की भिंत सांगितली की लाभ जातो. म्हणून घरयादीत मोटारसायकल लपते, गॅस लपतो, शौचालय मात्र नसतानाही "आहे" सांगितले जाते, कारण अनुदान उचललेले असते.

जनगणना अधिनियम, १९४८ च्या कलम १५ प्रमाणे तुमच्या कुटुंबाची नोंद कुणालाही बघता येत नाही. त्या कायद्याखालचा खटला सोडला तर कोणत्याही दिवाणी वा फौजदारी दाव्यात ती पुरावा म्हणून चालत नाही. ई-क्लासच्या (सरकारी) जमिनीवर घर असेल, वनहक्काचा दावा पडून असेल, कार्ड पिवळे असेल, तरी या नोंदीवरून कोणी अतिक्रमण काढू शकत नाही की कार्ड रद्द करू शकत नाही. बाहेर येतात ते फक्त गावाचे एकूण आकडे. आणि त्या आकड्यात शंभरपैकी पंच्याण्णव घरांत शौचालय दिसले, तर उरलेल्यांसाठी मागणी कोणत्या तोंडाने करायची? नळ आठवड्यातून एकदा येत असेल आणि पाणी विहिरीचेच पीत असाल, तर मुख्य स्रोत विहीर सांगा. सिलिंडर कोपऱ्यात आणि स्वयंपाक तुराट्यांवर होत असेल, तर इंधन म्हणून सरपणच सांगा.

प्रगणक बहुतेक वेळा शेजारच्या शाळेचा शिक्षकच असतो. त्याचे ओळखपत्र मागून बघा. तो बँक खाते, एटीएमचा पिन किंवा पैसे मागत नाही. फोन करून "जनगणनेचा ओटीपी सांगा" म्हणणाऱ्याला काहीही सांगू नका. कलम ८ प्रमाणे प्रश्नांची उत्तरे देणे बंधनकारक आहे आणि मुद्दाम नकार दिला तर हजार रुपयांपर्यंत दंड आहे. त्याच कलमात एक सवलत आहे, जी फार थोड्यांना माहीत असते: रूढीमुळे नवऱ्याचे नाव न घेणाऱ्या बाईवर ते नाव सांगण्याची सक्ती नाही. शेजारणीने सांगितले तरी चालते. म्हाताऱ्या बाईला त्यावरून अडवू नये.

आता बाईच्या कामाबद्दल. आकडा सर्वांत जास्त इथे बिघडतो. ओट्यावर सासरा बसला आहे. प्रगणक विचारतो, "सून काय करते?" उत्तर येते, "काही नाई, घरीच रायते." सून त्या वेळी दुसऱ्याच्या वावरात हरभरा सोंगत असते. नोंद होते: काम करत नाही. मागच्या बारा महिन्यांत काम केले का, असा प्रश्न असतो. सहा महिने किंवा जास्त काम केले तर मुख्य कामगार, त्याहून कमी तर सीमांत. घरच्या शेतात बिनमजुरीने केलेले काम हे कामच आहे. घरच्यापुरत्या दुधासाठी गाय-म्हैस सांभाळणेसुद्धा २०११ च्या व्याख्येत कामात धरले होते. म्हणून "काम करते का" असे विचारून भागत नाही, पिकावरून विचारावे लागते. जुलै-ऑगस्टात निंदायला किती दिवस गेली? ऑक्टोबरपासून कापूस वेचायला किती? मधात सोयाबीनची सोंगणी, नंतर तूर, हरभरा. भंडारा-गोंदियाकडे रोवणी आणि धानकापणी. जोडत गेले की सहा महिने कधीच ओलांडलेले असतात.

शेतकरी आणि शेतमजूर यांतला फरकही सातबाऱ्यावर ठरत नाही. स्वतःच्या, ठेक्याच्या किंवा बटईच्या वावरात जो राबतो किंवा देखरेख करतो तो शेतकरी. दुसऱ्याच्या वावरात मजुरीवर जातो तो शेतमजूर, सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, तोही त्यातच. शेत ठेक्याने देऊन शहरात राहणारा आणि त्याकडे न बघणारा मालक या व्याख्येत शेतकरी ठरत नाही. पतीच्या पश्चात शेती कसणारी बाई मात्र ठरते, फेरफार अजून तिच्या नावे झाला नसला तरी. तिने स्वतःच्या तोंडाने "मी शेतकरी" असे सांगितले पाहिजे. आपल्या जिल्ह्यांत अशा बाया किती आहेत, हे आकड्यात दिसले तर तिच्या नावे पीककर्ज का नाही, हे विचारता येईल.

मूल किती झाले आणि किती हयात आहेत, हे २०११ मध्ये वेगवेगळे विचारले होते. जन्मून गेलेल्या लेकराचा विषय घरात कोणी काढत नाही, आई तर सासऱ्यासमोर बोलतच नाही. मेळघाटासारख्या भागात याच उत्तरातून बालमृत्यूचे खरे माप मिळते. तेव्हा या प्रश्नाच्या वेळी पुरुषांनी उठून जावे, आशाताई सोबत असेल तर फार बरे. नाव न ठेवलेले तान्हे बाळही माणूस म्हणून मोजायचे असते. प्रगणक येऊन गेल्यावर आणि २८ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीपूर्वी घरात जन्म झाला तर ते नाव वाढते, मृत्यू झाला तर कमी होते. त्यासाठी तो मार्चच्या सुरुवातीला पुन्हा फेरी मारतो, तेव्हा त्याला थांबवून सांगा.

वयाचा गोंधळ भाषेतला आहे. "तिसावे लागले" म्हणजे पूर्ण झालेली वर्षे एकोणतीस, आणि नोंद पूर्ण वर्षांचीच होते. वर्ष न भरलेल्या बाळाचे वय शून्य. वयस्कर माणसे पन्नास, पंचावन्न, साठ अशी गोल वये सांगतात, म्हणून खुणेवरून काढावे. बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली ते १९५६, तेव्हा चालता येत होते का? बहात्तरच्या दुष्काळात सुकडी खाल्ली तेव्हा लग्न झाले होते का? गडचिरोली जिल्हा वेगळा झाला ते १९८२. घरातल्या नातवंडांनी हा हिशेब आधीच करून ठेवला तर दारातला वेळ वाचतो.

मातृभाषा म्हणजे लहानपणी आई जी बोलत होती ती. शाळेत कोणती शिकलो, प्रगणकाशी कोणत्या भाषेत बोलतो आहोत, याच्याशी घेणे नाही. नवरा-बायकोची वेगवेगळी असू शकते. २०११ मध्ये कोरकू सांगणारे देशात सव्वासात लाखांहून अधिक होते, कोलामी सांगणारे सुमारे एक लाख अठ्ठावीस हजार. घाईत सगळ्या घराला "मराठी" लिहिले की हे आकडे खाली येतात, आणि त्या भाषेतल्या पहिलीच्या पुस्तकाची मागणी त्यासोबत. दुसऱ्या कोणत्या भाषा येतात, त्याला वेगळा रकाना असतो. मराठी तिथे सांगावी.

या गणनेत १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची नोंद होणार आहे. २०११ च्या सर्वेक्षणात जातीच्या रकान्यात कोणी आडनाव सांगितले, कोणी पोटजात, कोणी धंदा, आणि ४६ लाखांहून अधिक वेगवेगळी नावे गोळा झाली. १९३१ मध्ये ती ४,१४७ होती. तो ढीग कुणाच्या कामी आला नाही. म्हणून जातीच्या दाखल्यावर जे नाव आहे तेच, त्याच शब्दांत सांगा. प्रगणक दाखला मागत नाही, पण नाव बघून सांगायला तो जवळ असावा. धर्म आणि जात हे दोन वेगळे रकाने आहेत. धर्म बौद्ध सांगणाऱ्याला १९९० च्या कायदादुरुस्तीनुसार अनुसूचित जातीतही नोंद करता येते, पण तिथे नाव अनुसूचीतल्या जातीचे लागते. नुसते "बौद्ध" दोन्हीकडे लिहिले तर दुसरा रकाना वाया जातो. काय सांगायचे हा ज्याचा त्याचा अधिकार, पण हे माहीत असून सांगावे.

राहिली ती गावठाणाबाहेरची वस्ती. एका प्रगणकाकडे साधारण सातशे-आठशे लोकांचा गट असतो. मूळ गाव संपवल्यावर दोन किलोमीटरवरचा कोलामांचा पोड, मेळघाटातला ढाणा, गोंदियाकडचा टोला, माळावरचा पारधी बेडा, वावरातल्या कोठ्यावर (गुरांच्या गोठ्यावर) राहणारे सालदाराचे कुटुंब, गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेल्या गावाचे नवे गावठाण, हे कोणाच्या हद्दीत, यावर दोन प्रगणकांत "ते तुझ्याकडे" असे होते आणि वस्ती मधोमध राहते. हे फेब्रुवारीत उघडकीस आले तर उशीर झालेला असतो.

त्यासाठी २६ जानेवारीची ग्रामसभा नेमकी वेळेवर आहे. ध्वजवंदनानंतर पोलीस पाटील, कोतवाल, आशा आणि अंगणवाडीताई यांनी बसून एक यादी करावी: गावठाणाबाहेरची प्रत्येक वस्ती आणि तिथली चुलींची संख्या, बाहेर गेलेली कुटुंबे आणि ती कुठे आहेत, मुकादमाचा फोन, फेब्रुवारीत कोण परत येणार, घरोघरची बाळंतपणे. यादी गणनेच्या कागदात जाणार नाही, ती फक्त प्रगणकाला वाट दाखवायला. एक प्रत प्रगणकाला आणि एक तालुक्याचे गणना अधिकारी म्हणून तहसीलदारांना द्यावी. कोणती वस्ती कोणाकडे, हे तहसीलमधून लेखी विचारून घ्यावे. दवंडी आदल्या संध्याकाळी द्यावी: उद्या कोणती ओळ, सकाळी आठच्या आत की संध्याकाळी सातनंतर. तेवढ्या एका दिवसासाठी घरातल्या जाणत्या बाईने वावरात तासभर उशिरा जावे आणि तिची मजुरी शेतमालकाने कापू नये.

आपल्या जिल्हा पानावर जानेवारीच्या अखेरीस प्रत्येक तालुक्यातील गणनेच्या तारखा आणि तहसील कार्यालयातील संपर्काची माहिती ठळक छापावी, ही विनंती. ऊसतोडीवर आणि भट्टीवर फोन लावणाऱ्या घरच्यांना ते कात्रण वाचून दाखवता येईल.

आपले,
काही निवृत्त शिक्षक व ग्रामसेवक
जि. यवतमाळ